मरोद्याच्या पाळणाघराची रशियन पाटी

माझ्या नोकरीच्या काळात मी मोठमोठ्या मेजवान्यांना हजर होते आणि बहुतेक वेळा उपाशी घरी आले. पाहुणा घास घेतो तेव्हा यजमान बोलतो, यजमान घास घेतो तेव्हा पाहुणा बोलतो, आणि दोन्ही वेळा तोंड चालवायचं दुभाष्याने. ताट भरलेलं वाढलं जायचं आणि तसंच उचललं जायचं. घरी आल्यावर आमचे हे विचारायचे, "काय काय होतं आज?" मी सगळे पदार्थ सांगायची आणि मग पोळी-पिठलं घेऊन बसायची.

भिलाईत रशियन दुभाष्या कशाला लागायच्या, असं पुण्या-मुंबईची माणसं अजून विचारतात. इथला कारखाना रशियन मदतीने उभा राहिला. त्यांचे इंजिनिअर बायका-मुलांसह इथे वर्षानुवर्षं राहिले, आणि त्यांना ना हिंदी यायची ना इंग्रजी. मी मूळची नागपूरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला रशियनचा एक शब्द येत नव्हता. शेजारच्या ब्लॉकमध्ये गालिना नावाची बाई राहायची. पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारात ती हातवारे करून वांगी विकत घ्यायची आणि दरवेळी फसायची. मला ते बघवेना. मी तिच्यासोबत बाजारात जायला लागले. मी तिला भरली वांगी शिकवली आणि तिने मला भाषा. पुढे परीक्षा दिली आणि कारखान्यात दुभाषी म्हणून कायमची चिकटले.

गालिनाने माझ्या कामाच्या पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या बोलण्यात मीठ कमी असेल तर कमीच वाढायचं. वरून घालायचं नाही आणि आपलं वेगळं ताट मांडायचं नाही." म्हणजे दुभाष्याला स्वतःचं मत नसतं, निदान कामावर नसतं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे किती जड गेलं असेल ते आमच्या ह्यांना विचारा. तरी मी तो नियम पाळला. एकदा एका तापट इंजिनिअरने क्रेनवाल्याला अशी काही शिवी हासडली की माझे कानच गरम झाले. नियम म्हणजे नियम. शिवीचं हिंदी कसं करावं याचा विचार करत मी उभी, तोवर क्रेनवाला वरून ओरडला, "मॅडम, रहने दीजिए, ये वाला हम समझते हैं।" सगळा विभाग हसला. भिलाईच्या कामगारांनी रशियन शिकायला सुरुवात तिथूनच केली होती.

पण लिहायला बसले ते या गमतींसाठी नाही. एका पाटीसाठी बसले आहे.

तेव्हा आमची राजधानी भोपाळ. छत्तीसगड हे नुसतं बोलण्यातलं मुलखाचं नाव. दिल्लीत कसलंसं चर्चासत्र होतं, आणि त्यासाठी आलेल्या एका रशियन विदुषीला भिलाई दाखवायचं ठरलं. नाव वेरा पेत्रोव्ना. पेशाने कायद्याच्या प्राध्यापक, आणि जिनिव्हात बसणाऱ्या मानवी हक्कांच्या एका समितीच्या सदस्य.

ही समिती काय करते ते मलाही तेव्हाच कळलं. आपल्या देशाने मानवी हक्कांच्या काही आंतरराष्ट्रीय करारांवर सह्या केल्या आहेत. सही केली की दर काही वर्षांनी देशाला अहवाल द्यावा लागतो. मग आपले अधिकारी जिनिव्हाला जातात आणि देशोदेशीच्या जाणकारांची समिती त्यांना प्रश्न विचारते. समितीकडे पोलीस नाहीत, दंड नाही, तुरुंग नाही. त्यांना फक्त विचारता येतं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारता येतं. मला आधी हे सगळं पोकळ वाटलं. माझ्या सासूबाईंना एवढाच अधिकार होता आणि त्यावर अख्खं घर चालायचं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

वेरा पेत्रोव्नांना कामकरी बायका कशा राहतात ते बघायचं होतं. दौऱ्यात कारखान्याजवळच्या मरोदा वस्तीच्या बाजूचं भसीन नावाच्या ठेकेदाराचं यार्डही होतं. कारखान्याच्या भट्टीतून काढलेल्या जुन्या विटा तिथे यायच्या. त्या साफ करायच्या, चांगल्या निवडायच्या, आणि घमेल्यातून डोक्यावर वाहून ट्रकमध्ये भरायच्या. हे काम रेजा करायच्या. रेजा म्हणजे आमच्याकडची मजूर बाई. त्यांची पोरं कडुनिंबाखाली साडीच्या झोळीत झोपायची, आणि ट्रक मागेपुढे होत राहायचे.

त्यातली एक बिसाहिन. तिच्या मोठ्या पोराचा पाय आदल्या उन्हाळ्यात मागे येणाऱ्या ट्रकच्या चाकाखाली आला होता. पोरगा वाचला, पण लंगडा झाला. तेव्हापासून ती धाकट्या सोनबतीच्या पायाला दोरी बांधायची आणि दुसरं टोक कडुनिंबाला. पोर नुकतीच रांगायला लागली होती. दोरी पुरेल तेवढं तिचं जग. कायद्याने तिथे पाळणाघर हवं होतं. भसीनने एक शेड बांधली होती, पण तिच्यात सिमेंटच्या गोण्या होत्या.

यार्डाचा कारभार झाडेभाऊ बघायचे. साकोलीकडचे, आमच्या ह्यांच्या ओळखीतले, म्हणून मला वहिनी म्हणायचे. दौऱ्याच्या दोन दिवस आधी ते घरी आले आणि चहाचा कप हातात धरूनच म्हणाले, "वहिनी, मले थोडी मदत करा ना. शेड खाली करून राहिलो. रंग मारला का पाळणाघर तयार. फक्त एक बोर्ड पाहिजे."

"मग लावा की बोर्ड."

"रशियनमंदी पाहिजे ना! भिलाईत रशियन पावना येते आन् रशियन बोर्ड नाही, असं कधी झालं का? इज्जतीचा सवाल आहे."

ते खरं होतं. आमच्या गावाची ही खोडच होती. रशियन पाहुणा कुठेही जाणार असला की तिथे त्याच्या भाषेतली पाटी लागायचीच, मग ते क्लबाचं फाटक असो की गोठा. मी विचारलं, "लिहायचं काय?"

"जे तिकडं लिवतेत थे. तुमाले तं सारं मालूम आहे."

"नाव लिहितात. आणि उघडण्याची वेळ."

"मंग वेळ बी लिवा. दणक्यात होऊ द्या."

"झाडेभाऊ, हे पाळणाघर एकाच दिवसाचं आहे ना? मग वेळ कशाला?"

"कावून टेन्शन घेऊन राहिल्या वहिनी? थे बाई गेली का आपलं आपण पाहू."

मी लिहून दिलं. रशियनमध्ये पाळणाघराला यास्ली म्हणतात. वर हिंदी, मध्ये इंग्रजी, खाली रशियन: पाळणाघर, सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. पेंटरने रशियन अक्षरं चित्रासारखी काढली आणि एकही चुकवलं नाही.

वेरा पेत्रोव्ना साठीच्या, ठेंगण्या, पायात पुरुषी बूट. सोबत दिल्लीचे सक्सेना साहेब होते, मंत्रालयातले अधिकारी, जिनिव्हाला आपल्या देशातर्फे उत्तरं देणाऱ्यांपैकी एक. अत्यंत सभ्य माणूस. भिलाईचे रुंद रस्ते, शाळा, दवाखाना बघून त्यांची छाती फुगली होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं. भिलाई होतीच तशी.

शेडमध्ये नवे पाळणे होते, पण पोरांना ते मानवेनात. सगळ्यांनी भोकाड पसरलं. शेवटी पोरं सांभाळायला आणलेल्या बाईने पाळण्यांच्याच दांड्यांना त्यांच्या आईच्या जुन्या साड्या बांधून झोळ्या केल्या, तेव्हा शांतता झाली. भिंतींना हिरवा रंग दिला होता आणि तो वाळला नव्हता. जे पोर भिंतीला टेकेल त्याची पाठ हिरवी. झाडेभाऊ पोरांना भिंतीपासून ओढत होते आणि हसत होते.

वेरा पेत्रोव्ना सरळ खाली बसल्या आणि सोनबतीची झोळी हलवायला लागल्या. बिसाहिनला बोलावून त्यांनी विचारलं, "मूल इथे असलं की काम करताना कसं वाटतं?"

बिसाहिनने छत्तीसगढीत सांगितलं ते मी रशियनमध्ये जसंच्या तसं दिलं. "आज सकाळपासून मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मान दुखायची थांबली."

हे बोलताना माझा आवाज हलला. तो हलायला नको होता.

निघताना वेरा पेत्रोव्नांनी पाटीचा फोटो काढला. मग सहज भिंतीला बोट लावलं, बोट हिरवं झालं, ते त्यांनी रुमालाला पुसलं. गाडीकडे जाताना मला विचारलं, "कुंदा, तुला काय वाटतं या पाळणाघराबद्दल?"

"दुभाष्याला काही वाटत नसतं," मी म्हणाले. हे आमचं ठरलेलं उत्तर.

त्या हसल्या. "आमच्याकडेही पाहुणे यायचे असले की भिंती ओल्या असतात. हा वास मला लहानपणापासून ठाऊक आहे." थोडं थांबून म्हणाल्या, "मला फक्त विचारता येतं. पण मी नीट विचारते."

सक्सेना साहेबांनी पुढून विचारलं, "क्या कह रही हैं?" मी नियम मोडला नाही. शब्दन् शब्द सांगितला. ते मोकळेपणाने हसले, "हाँ हाँ, रंग-रोगन तो सब जगह होता है।" त्या बिचाऱ्यांना वाटलं, पाळणाघर जुनं आहे आणि रंग तेवढा नवा.

यार्डाच्या फाटकाशी बिसाहिन उभी होती. पाहुण्यांकडे तिचं लक्षच नव्हतं. मला तिने हळूच विचारलं, "काली घलो खुलही का, बाई?" उद्यापण उघडेल का?

मी म्हणाले, "माहीत नाही गं."

दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप होतं. पाळणे परत गेले, गोण्या आत आल्या. पाटी मात्र तशीच राहिली, कारण ती काढायची आठवण कोणाला झाली नाही. मी कामानिमित्त त्या बाजूला जायची तेव्हा पाटी दिसायची, आणि खाली कडुनिंबाला बांधलेली सोनबती. पोर आता उभी राहायला लागली होती. झाडेभाऊंना मी दोनदा म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "वहिनी, माह्या हातात काय आहे? भसीन साहेबाले सांगायची हिंमत माह्यात तं नाही."

पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि थंडीत एका सकाळी सक्सेना साहेब भिलाईत हजर झाले. एकटेच. सोबत कुणी रशियन नाही, तरी मला बोलावणं आलं. त्यांनी माझीच गाठ मागितली होती, कारण त्या दिवशीची ओळखीची म्हणून एवढी एकच व्यक्ती त्यांना आठवत होती. गाडीत त्यांनी जिनिव्हाची हकीकत सांगितली.

आपल्या देशाच्या अहवालावर प्रश्नोत्तरं चालली होती. एकेक सदस्य टोचून बोलत होता. वेरा पेत्रोव्नांची पाळी आली तेव्हा त्यांनी तक्रारीचा एकही शब्द काढला नाही. उलट कौतुक केलं. मी स्वतः भिलाईत गेले, म्हणाल्या, रेजांच्या मुलांसाठी चालवलेलं उत्तम पाळणाघर डोळ्यांनी पाहिलं. फोटो दाखवला. पाटीवरच्या वेळा मोठ्याने वाचल्या, सोमवार ते शनिवार, आठ ते सहा. सरकारचं मी अभिनंदन करते, म्हणाल्या, आणि ते पाळणाघर आज कसं चाललं आहे, किती मुलं आहेत, तशी आणखी किती निघाली, हे समितीला कळलं तर आनंद होईल.

"मैंने खड़े होकर कहा, जी हाँ, चल रहा है," सक्सेना साहेब म्हणाले. "पूरे हॉल में वही एक जवाब था जो मैंने बिना काग़ज़ देखे दिया। अब समिति को पूरा ब्योरा भेजना है, तो सोचा खुद देख आऊँ।"

मरोदा जवळ येत होतं.

गाडी यार्डात शिरली. पाटी होती, कुलूप होतं. कडुनिंबाखाली सोनबती दोरी ताणून उभी राहून आमच्याकडे बघत होती. झाडेभाऊ धावत आले. "नमस्ते साहब! आज छुट्टी है साहब, बच्चों की।"

सक्सेना साहेबांनी पाटीकडे पाहिलं. बुधवार होता. त्यांनी दोरीकडे पाहिलं, पोरीच्या पायाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळले.

"वानखेडे जी, उस दिन के बाद यह कभी खुला?"

झाडेभाऊ माझ्याकडे बघत होते. घमेलं डोक्यावर घेतलेली बिसाहिन पलीकडे थांबली होती. आजवर अशा जागी उभं राहून मी फक्त दुसऱ्यांची वाक्यं बोलले होते. या खेपेला माझ्याआधी कुणी काही बोललं नव्हतं, वाक्य माझंच असणार होतं. मला भीती वाटली, हे कबूल करायला लाज वाटत नाही. भसीन मोठा माणूस होता आणि माझी नोकरी लहान.

"नहीं, सर," मी म्हणाले. "एक दिन भी नहीं।"

सक्सेना साहेब तिथल्याच विटांच्या ढिगावर बसले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांची दया आली. "मैंने देश की तरफ़ से कहा है," ते स्वतःशीच म्हणाले. "अपनी तरफ़ से कहता तो माफ़ी माँग लेता।"

मग उठून झाडेभाऊंना शांतपणे म्हणाले, "क़ानून तो पहले से था। अब ज़बान भी दी जा चुकी है। ताला खोलिए।"

चावी भसीन साहेबांकडे आहे, असं झाडेभाऊ म्हणाले. "तो मँगवाइए। मैं शाम की गाड़ी छोड़ देता हूँ।"

त्यांनी ती गाडी सोडली आणि त्यानंतरच्याही सोडल्या. रोज सकाळी पाटीवरच्या वेळेला यार्डात येऊन खुर्ची टाकून बसायचे आणि पेपर वाचायचे. ओरडले नाहीत, धमकी दिली नाही. दिल्लीचा अधिकारी दारात पेपर वाचत बसला की ठेकेदाराला झोप येत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. कामगार खात्याची माणसंही विचारपूस करायला फिरकू लागली. गोण्या हलल्या, पाळणे आले, आया नेमली गेली. ज्या सकाळी बिसाहिनने कडुनिंबाची दोरी सोडली, त्या संध्याकाळी सक्सेना साहेब दिल्लीला गेले.

भसीनने माझी तक्रार केली, दुभाषीबाई मर्यादा सोडून बोलल्या म्हणून. आमच्या साहेबांनी बोलावून विचारलं, "मॅडम, तुम्ही दुभाषी आहात की साक्षीदार?" मी म्हटलं, "सर, त्यांनी हिंदीत विचारलं. भाषांतर करायला काही उरलंच नव्हतं." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि जायला सांगितलं. त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत.

पाळणाघर पुढे बंद झालं नाही. दिल्लीहून अधूनमधून विचारणा यायची, कारण जिनिव्हातून पुन्हा विचारलं जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर्वांत गंमत झाडेभाऊंची. तेच पुढे पाळणाघराचे कैवारी झाले. पावर हाउसहून दुधाची पावडर स्वतः आणायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, "आपलं पाळणाघर जिनिव्हापर्यंत गाजून राहिलं, आहात कुठं?" रेजा त्याला 'यासली' म्हणायला लागल्या. छत्तीसगढीत हा शब्द कुठून आला म्हणून पुढे कुणी भाषेचा अभ्यासक बुचकळ्यात पडला तर माझ्याकडे यावं.

एकच सल आहे. पाटी एकाच यार्डात लागली होती. बाकीच्या यार्डांतली पोरं झोळीत आणि दोरीतच वाढली, आणि त्यांच्याबद्दल मला कुणी विचारलं नाही, मीही आपणहून बोलले नाही.

वेरा पेत्रोव्ना पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांच्या देशाचंच पुढे काय झालं ते आपण वर्तमानपत्रात वाचलं. रशियन कुटुंबंही भिलाईतून कमी होत गेली. गालिना तर कधीच परतली होती. नव्वदच्या पुढे भसीनचं यार्ड बंद पडलं, शेड पाडली गेली. तोवर सोनबती शाळेत जाणारी मोठी मुलगी झाली होती.

एकदा बिसाहिनने मला नवाखाईला जेवायला बोलावलं. नवं धान घरात आलं की आमच्याकडे तो सण करतात. ती तेव्हा कॅम्प-१ नावाच्या वस्तीत राहायची. लंगडणारा मोठा मुलगा सायकलीच्या दुकानात लागला होता, तोच मला रस्त्यापासून घरी घेऊन गेला. जमिनीवर बसून नव्या तांदळाचा भात, पिठाचे उकडलेले फरे, भाजी, सगळं वाढलं गेलं. भाषांतर करायला कुणी नव्हतं. मी पोटभर जेवले, दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि इतक्या वर्षांच्या परत गेलेल्या ताटांची भरपाई झाली.

हात धुवायला अंगणात गेले तर कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून तीच पाटी लावलेली. हिंदी उडून गेलं होतं, इंग्रजी गंजलं होतं. खालचं रशियन तेवढं शाबूत होतं.

"टोरत रहिन त मैं मांग लेंव," बिसाहिन म्हणाली. शेड पाडत होते तेव्हा तिने ती मागून आणली होती. मग ओल्या हाताने तिने त्या अक्षरांवरची धूळ पुसली. "अतेक बछर ले देखत हंव. काय लिखाय हे, बाई?" इतकी वर्षं बघते आहे, काय लिहिलं आहे?

मी आधी मनाशी वाचलं. सोमवार ते शनिवार. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मला फाटकाशी उभी असलेली तरुण बिसाहिन दिसली, आणि तिला दिलेलं माझं उत्तर आठवलं. गालिनाची मनातल्या मनात क्षमा मागून मी तेव्हा आयुष्यातलं एकमेव चुकीचं भाषांतर केलं.

"लिखाय हे," मी म्हणाले, "काली घलो खुलही." उद्यापण उघडेल.

बिसाहिन पाटीकडे बघत राहिली. मग आत भांडी घासणाऱ्या सोनबतीकडे एकदा पाहिलं.

"खुलिस," ती म्हणाली. उघडलं.